दोन बादल्या आणि ताईची वही



मागच्या वेळी पासवर्डवर लिहिलं होतं. त्यावर दोन-तीन जणांनी कळवलं, "दादा, माहिती चांगली होती, पण कधीतरी गेमवर लिही ना." लिहितो. फक्त तुम्हाला हवा असलेला गेम हा नव्हे. यात रंग नाहीत, इंटरनेट नाही, आणि पडदा काड्यापेटीपेक्षा जेमतेम मोठा. गेम १९९४ चा आहे, नाव 'वारिओ लँड: सुपर मारिओ लँड ३', आणि तो चालतो गेम बॉय नावाच्या विटेवर. वीट म्हणजे खरोखर वीट. चार पेन्सिल सेल घातले की तो खिशात ठेवल्यावर पँट खाली यायची.

आमच्याकडे ही वीट १९९९ च्या मे महिन्यात आली. मामा मस्कतला होता, त्याच्या साहेबाच्या मुलाने टाकून दिलेली. सोबत कॅसेट एकच. मी अकरा वर्षांचा, ताई पंधराची. आम्ही तेव्हा दांडिया बाजारातल्या एका वाड्यात दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. गेम बॉयच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, त्यामुळे खेळायचं तर ट्यूबलाइटच्या बरोबर खाली बसावं लागे, आणि ती जागा आईच्या पोळपाटाची. म्हणजे खेळायची वेळ पोळ्या झाल्यावर. एक तास ताईचा, एक तास माझा. गेममध्ये तीन फाइल सेव्ह करता येतात. पहिली ताईची, दुसरी माझी, तिसरी मामाच्या साहेबाच्या मुलाची. ती का कोण जाणे, आम्ही कधी पुसली नाही.

आधी या वारिओची ओळख करून देतो. मारिओ तुम्हाला माहीत आहेच, मिशीवाला, टोपीवाला, राजकन्येला सोडवणारा. वारिओ त्याचाच बिघडलेला भाऊ म्हणा. जपानी भाषेत 'वारुई' म्हणजे वाईट, ते अधिक मारिओ म्हणजे वारिओ. १९९२ च्या गेममध्ये त्याने मारिओचा किल्ला बळकावला होता आणि शेवटी मारिओने त्याला हाकलून दिलं. तर १९९४ मध्ये निन्टेंडोने त्यालाच नायक केलं. त्याला ना राजकन्या सोडवायची आहे, ना जग वाचवायचं आहे. त्याला घर हवंय. मारिओपेक्षा मोठं. त्यासाठी तो किचन आयलंड नावाच्या बेटावर चाच्यांचा खजिना लुटायला जातो. भाड्याच्या दोन खोल्यांत बसलेल्या आम्हा दोघांना हे कारण लगेच पटलं.

आता खेळ. मारिओच्या जुन्या गेममध्ये वरच्या कोपऱ्यात एक 'स्कोअर' असायचा. शत्रूच्या डोक्यावर उडी मारली की शंभर, आणखी काही केलं की हजार. त्या स्कोअरचं पुढे काय व्हायचं? काही नाही. खेळ संपला की तोही संपला. वारिओ लँडमध्ये असे पॉइंट नाहीतच. आहेत ती नाणी, आणि नाणी म्हणजे खरोखर पैसे, ते खर्चही होतात. पातळी संपवायचं दार उघडायला दहा नाणी लागतात. मध्येच एक थांबा येतो, म्हणजे मेलात तर तिथून पुन्हा सुरुवात. तो चालू करायलाही दहा. इतकंच काय, वारिओ दहा नाण्यांचं एक मोठं नाणं काढून शत्रूला फेकून मारू शकतो. पैसे फेकून माणसाला गप्प करणं गेममध्ये इतक्या शब्दशः दुसरीकडे मी पाहिलेलं नाही.

बाकी वारिओ दांडगट आहे. धावत जाऊन खांद्याने धडक देतो, शत्रूला उचलून दुसऱ्या शत्रूवर फेकतो. लसूण खाल्ला की मोठा होतो (आईला हे फार आवडलं होतं, जेवताना आमच्या पानात लसणाची चटणी वाढत ती वारिओचं नाव घ्यायची). टोप्या बदलल्या की ताकद बदलते. एक बैलाच्या शिंगांची, एक जेट विमानासारखी उडवणारी, एक आग ओकणाऱ्या ड्रॅगनची. एकूण पातळ्या चाळीस. त्यांत पंधरा खजिने लपवलेले. खजिना मिळवायचा तर कुठेतरी किल्ली शोधायची, ती हातात धरून वाटेतले खड्डे-काटे पार करायचे आणि कवटीच्या दारापर्यंत न्यायची. किल्ली हातात असली की दुसरं काही उचलता येत नाही. ताई हे काम फार शांतपणे करायची. मी किल्ली घेऊन धावायचो आणि मरायचो. पहिल्याच किनाऱ्यावरच्या पातळ्यांमध्ये थोडं पुढे जाऊन परत आलात तर भरतीचं पाणी भरलेलं असतं. हे ताईच्या लक्षात आलं. मला वाटलं होतं कॅसेट खराब झाली.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे बादल्यांवर.

प्रत्येक पातळी संपली की तुमच्यासमोर दोन छोट्या खेळांची निवड येते. एकात बॉम्ब फेकून शत्रू मारायचे आणि हार्ट मिळवायची. शंभर हार्ट झाली की एक जीव. त्यात हाताचं कसब लागतं. दुसऱ्या खेळात काहीच लागत नाही. वर दोन बादल्या टांगलेल्या. दोरी ओढायची. एकीतून पैशांची थैली पडते आणि त्या पातळीत मिळवलेली नाणी दुप्पट होतात. दुसरीतून दहा टनांचं वजन थेट वारिओच्या डोक्यात पडतं, आणि नाणी निम्मी. असं जास्तीत जास्त तीन वेळा करता येतं.

मी बादल्यांचा भक्त होतो. ताई त्यांच्या वाटेला जायची नाही. चाळीस पातळ्यांत तिने एकदाही दोरी ओढली नाही, दरवेळी बॉम्बचा खेळ. तिची एक दोनशे पानी वही होती, शाळेची, मागची पानं कोरी उरलेली. त्या पानांवर ती तारीख, पातळी आणि पातळीअखेरची नाणी लिहायची. मी तिला 'मुनीम' म्हणून चिडवायचो.

जून उजाडला होता, शाळा दोन दिवसांवर. ताईने एक लांबलचक पातळी पूर्ण केली, नाणी २४०. तिच्यासाठी तो विक्रम होता. तेवढ्यात नळाला पाणी आलं आणि आईने हाक मारली. ताईने गेम बॉय माझ्या हातात दिला. "नुसता धर. काही करू नकोस." आणि ती कळशी घेऊन पळाली.

मी काही करायचं नव्हतं. मी बादल्या निवडल्या. मनात हिशेब असा, की २४० चे ४८० होतील, मग ताई खूश होईल, मग तिच्या तासातली दहा मिनिटं मला देईल. डावी ओढली. वजन. १२०. आता भरून काढायला हवं. पुन्हा डावी, कारण वजन दोनदा एकाच बाजूला कसं पडेल? पडलं. ६०. तिसऱ्यांदा उजवी. ३०.

ताई ओल्या हातांनी परत आली, पडद्याकडे पाहिलं. मला वाटलं ती मारेल. ती रडली. ओरडून नाही, भिंतीकडे तोंड करून, बराच वेळ. मला कळेना. २१० नाणी होती, गेममधली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळाली असती. मी म्हणालो, "अगं, खोटे पैसे आहेत ते." त्यावर ती जे म्हणाली ते मला नीट आठवतं. "असंच म्हणतात सगळे."

तेव्हा मी ते सोडून दिलं. अकराव्या वर्षी माणूस बरंच सोडून देतो.

आता थोडं गणित करू, कारण मी इंजिनियर आहे आणि आम्हाला भावनेच्या आधी गणित सुचतं. मला ते सव्वीस वर्षांनी सुचलं, ही गोष्ट वेगळी.

शंभर नाणी आहेत आणि एकदा दोरी ओढली. निम्म्या वेळा २०० होणार, निम्म्या वेळा ५०. सरासरी १२५. म्हणजे गेम तुम्हाला दर ओढीमागे पंचवीस टक्के फुकट देतोय! कुठलाही खरा जुगारअड्डा असा धंदा करणार नाही. तिथे सरासरी नेहमी मालकाच्या बाजूला झुकलेली असते. तीनदा ओढली तर सरासरी जाते १९५ वर. मग ताई चुकली का?

थांबा. आठ जणांनी प्रत्येकी शंभर नाणी घेऊन तीन-तीन वेळा दोरी ओढली असं समजा, आणि नशीब अगदी नियमाप्रमाणे वाटलं गेलं. एकाकडे ८०० होतील. तिघांकडे २००. तिघांकडे ५०. आणि एकाकडे साडेबारा. बेरीज करून आठाने भागा, १९५ येतात. पण आठांपैकी चौघं सुरुवातीपेक्षा गरीब झाले. सरासरी वर नेली ती मुख्यतः त्या एका ८०० वाल्याने. जाहिरातीत फोटो त्याचाच छापला जातो.

तरीही या गेममध्ये दोरी ओढणंच बरोबर आहे. कारण डावावर लागतात ती फक्त त्या पातळीतली नाणी. आधीच्या पातळ्यांतून जमा झालेली रक्कम वेगळ्या खात्यात असते, बादलीतलं वजन तिला हात लावू शकत नाही. आणि अशा पातळ्या आहेत चाळीस. म्हणजे तुम्ही कधी तो ८०० वाला असता, कधी साडेबारावाला, आणि शेवटी सगळ्यांची बेरीज तुमच्याच खात्यात पडते. मी पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळी लिहून हे चालवून पाहिलं. दर पातळीत शंभर नाणी धरली तर न ओढणाऱ्याकडे चाळीस पातळ्यांनंतर ४,००० असतात. दरवेळी तीनदा ओढणाऱ्याकडे सरासरी ७,८०० च्या आसपास. आणि ४,००० च्या खाली घसरणारे शंभरात एखादाही धड नाही.

मग मी प्रोग्राममध्ये एकच ओळ बदलली. पातळीतली नाणी नाही, सगळी पुंजी डावावर. सुरुवातीला शंभर, आणि चाळीस वेळा ओढ, दरवेळी असेल नसेल तेवढं सगळं. कागदावरची सरासरी येते साडेसात लाख. साडेसात लाख! पण मधला खेळाडू, म्हणजे सगळ्यांना ओळीत उभं केल्यावर बरोबर मध्ये येणारा, त्याच्याकडे किती असतील? शंभर. जेवढ्यांनी सुरुवात केली तेवढेच, कारण एक दुप्पट आणि एक निम्मं एकमेकांना खाऊन टाकतात. आणि शंभरातले सुमारे ४४ जण सुरुवातीपेक्षाही खाली. बादल्या त्याच आहेत, दोरी तीच आहे. फरक एवढाच की मागे काही ठेवलेलं नाही.

एक छोटी गंमत सांगून पुढे जातो. पातळीतल्या नाण्यांचा आकडा पडद्यावर तीन अंकी आहे, ९९९ च्या पुढे जात नाही. त्यामुळे तुमच्याकडे आधीच जास्त नाणी असतील तर दुप्पट होणं पूर्ण मिळत नाही, पण निम्मं होणं मात्र पूर्ण लागतं. शेवटची ओढ उरली असेल तर सीमारेषा येते ६६६ वर. त्याच्या वर असाल तर गप्प बसा. एकूण जमेचा आकडा पाच अंकी आहे, ९९,९९९ ला अडतो. आमच्या क्षेत्रातल्यांना हा आकडा खटकेल, कारण दोन बाइटमध्ये ६५,५३५ पर्यंतच मावतं. पण जुन्या काळी आकडे पडद्यावर पटकन दाखवता यावेत म्हणून एका बाइटमध्ये दोन दशमान अंक असे सरळ साठवायची पद्धत होती, आणि गेम बॉयच्या प्रोसेसरमध्ये अशा बेरजा-वजाबाक्या सरळ करायला 'डीएए' नावाची खास सूचनाच आहे. कॉलेजात मायक्रोप्रोसेसरच्या तोंडी परीक्षेला मला ती विचारली होती. आली नव्हती.

तर, घर. गेमच्या शेवटी कॅप्टन सिरप नावाची चाच्यांची राणी हरते, तिच्या दिव्यातल्या जिनीलाही वारिओ लोळवतो. किल्ला कोसळतो आणि त्यातून राजकन्या पीचचा प्रचंड सोन्याचा पुतळा बाहेर येतो. वारिओ नाचायला लागतो. तेवढ्यात मारिओ हेलिकॉप्टर घेऊन येतो आणि पुतळा उचलून निघून जातो. इतकी मेहनत कोणाची आणि नेलं कोणी! उरतो तो दिवा. जिनी म्हणतो इच्छा पूर्ण करतो, पण पैसे लागतील. मग तुमचे खजिने एकेक करून विकले जातात, नाण्यांत मिळवले जातात, आणि त्या रकमेच्या थैल्या होतात. एक ते सहा. एक थैली असेल तर वारिओला मिळतं पक्ष्यांसाठी झाडावर टांगतात तसलं खोकं. दोन असतील तर झाडाचं खोड. मग लाकडी घर, मग पॅगोडा, मग किल्ला. सहा थैल्या असतील तर अख्खा ग्रह, वारिओच्या तोंडाचा.

मला ग्रह हवा होता. ताईला लाकडी घर. "ग्रहावर राहणार कोण?" ती म्हणायची.

त्या वर्षी दिवाळीपर्यंत दोघांचेही गेम पूर्ण झाले. मला मिळालं झाडाचं खोड. बादल्यांमुळे नव्हे, खजिन्यांमुळे. मी पंधरापैकी पाचच शोधले होते, किल्ली घेऊन धावत सुटायची सवय. ताईने बारा शोधले आणि तिला लाकडी घर मिळालं. तिने ते चित्र आईला दाखवलं. आईने पीठभरल्या हातांनी गेम बॉय धरून ट्यूबलाइटखाली वाकडातिकडा करून पाहिला आणि म्हणाली, "छान आहे. अंगण पण आहे का?"

आता २०२५. मागच्या दिवाळीत ताई आणि भाची पुण्याहून आल्या होत्या. माळा साफ करताना जुन्या पेटीत गेम बॉय सापडला आणि त्याखाली वही. मशीन चालू झालं, पण तिन्ही फाइल कोऱ्या. कॅसेटच्या आत बटणासारखा एक सेल असतो, फाइल त्याच्या जोरावर जिवंत राहतात, आणि तो कधीच संपला होता. मामाच्या साहेबाचा मुलगाही गेला बिचारा. मी कॅसेट उघडून नवा सेल डाग देऊन बसवला. भाची वीट बघून हसली, दहा मिनिटांनी मात्र परत मागितली तर देईना.

मी वही वाचत बसलो. तारखा, पातळ्या, नाणी. १० जून १९९९ समोर २४० खोडून ३० केलेलं. आणि ज्या पानाची मला कल्पनाच नव्हती ते पुढे होतं. त्यावर माझं नाव, खाली दोन रकाने, 'दुप्पट' आणि 'निम्मे', आणि त्यांत पाच-पाचच्या जुडग्यांनी मारलेल्या उभ्या रेघा. माझ्या तासात मी बादल्या ओढायचो तेव्हा ती शेजारी बसून मोजत होती. दुप्पट ४१, निम्मे ३८.

त्याच पानाच्या खाली, वेगळ्या शाईत, आकडे होते ते नाण्यांचे नव्हते. ८०,००० लिहून खाली 'बाना', मग खोडलेलं. मग 'साडेचार वर्षांत दुप्पट'. मग प्रश्नचिन्ह.

मी वही घेऊन ताईकडे गेलो. ती भाजी निवडत होती. बघून म्हणाली, "अरे, तुला माहीतच नव्हतं का?"

नव्हतं. १९९७ मध्ये बाबांनी मांजलपूरला एक छोटं टेनामेंट पाहून ठेवलं होतं. बानाखत करायचं ठरलं होतं. त्याच सुमारास त्यांच्या ऑफिसमधल्या कोणीतरी एक योजना आणली, कसल्या तरी झाडांच्या लागवडीची, पैसे गुंतवा, झाडं वाढली की पैसे दुप्पट. तेव्हा अशा योजनांचं पेव फुटलं होतं. बाबांनी विचार केला, आत्ता दोन खोल्या, साडेचार वर्षं कळ काढली तर तीन. घरासाठी जमवलेले सगळेच्या सगळे, ऐंशी हजार, तिथे गेले. दीड वर्षाने त्या ऑफिसला कुलूप होतं. निम्मेसुद्धा परत आले नाहीत. ताईला कळलं कारण रात्री दोघं बोलायचे तेव्हा ती जागी असायची. मला फक्त एवढंच आठवतं की रविवारची शेव-उसळ बंद झाली होती, आणि आई म्हणायची की बाहेरचं खाऊन पोट बिघडतं.

"तुला मोजायचं कसं सुचलं?" मी विचारलं.

"बघायचं होतं," ती म्हणाली. "बाबांचं नशीब वाईट होतं की सगळ्यांचंच तसं असतं."

"मग?"

"मग काय. ४१ आणि ३८. सारखंच आहे की."

मी तिला माझा प्रोग्राम दाखवला. आठ माणसांचं समजावलं, चाळीस पातळ्यांचं समजावलं. म्हटलं, "ताई, गेममध्ये तू ओढायला हवं होतंस. तिथे मागचं सुरक्षित असतं, नुकसान झालं तरी त्या पातळीपुरतंच." तिने पूर्ण ऐकून घेतलं. ती बँकेत आहे, तिला हे माझ्यापेक्षा बरं कळतं. म्हणाली, "बरोबर आहे तुझं. पण मला तेव्हा ती दोरी ओढायचीच नव्हती." आणि गवारीच्या शिरा काढायला लागली.

बाबांना मी यातलं काही विचारलं नाही. ते आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. २००४ मध्ये त्यांनी घर घेतलं, मांजलपूरलाच, दोन खोल्यांचं, कर्ज काढून. आईला मागच्या बाजूला अंगण मिळालं. सुरुवातीचा हप्ता कसा उभा राहिला ते मला आता माहीत आहे. त्यात ताईच्या नोकरीची पहिली दोन वर्षं आहेत.

संध्याकाळी भाची पहिल्या किनाऱ्यावरची चौथी पातळी संपवून बादल्यांपाशी पोचली. १८० नाणी. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. ती त्यांच्यासमोर विट धरून उभी राहिली. "आजोबा, डावी की उजवी?"

बाबांनी चष्मा वर केला. काय आहे ते विचारलं. तिने सांगितलं, एकीत दुप्पट, एकीत निम्मे.

"आणि नाहीच ओढली तर?"

"तर तेवढेच राहतील."

बाबांनी ताईकडे पाहिलं. ताई काही बोलली नाही. मग ते म्हणाले, "तूच ठरव. माझं ऐकू नकोस."

भाचीने उजवी ओढली. थैली पडली, ३६०. ती ओरडली. ताई म्हणाली, "बस आता." भाचीने ऐकलं नाही, पुन्हा उजवी. दहा टन. १८०. बाबा मोठ्याने हसले, इतके की खोकला आला आणि आईला पाणी आणावं लागलं.

ताईने वही मागून घेतली, पेन शोधलं, आणि माझ्या जुन्या रेघांच्या खाली भाचीचं नाव लिहून दोन्ही रकान्यांत एक-एक रेघ मारली.